कात्रज ते सिंहगड वाटेवरच्या त्या दोघांना आणि मावशींना थँक्यू

मी आधी फक्त डांबरी रस्त्यावर पळायचो, तेही शुगर वाढली म्हणून. एकदा सहज पुण्यातल्या वेताळ टेकडीवर शिरलो आणि मग रस्ता नकोसाच झाला, दगडधोंड्यात पायाखाली बघत पळायचं म्हणजे डोक्यात ऑफिस शिरायला जागाच राहत नाही ना.

तर रविवारी पहाटे कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांवरून जाणारी वाट पळायला काढली. टेकड्या 13 की 16 यावर ग्रुपमध्ये अजून भांडण चालूय, मला विचाराल तर 40 होत्या! शेवटच्या काही टेकड्या उरल्या असताना उतारावर मुरमावरून सटकलो, घोटा मुरगळला, पाणी आधीच संपलेलं. मागून आलेल्या दोन पोरांनी क्रेप बँडेज बांधलं, स्वतःचं अर्धं पाणी आणि ओआरएस दिलं आणि मला खांदा देत देत पार घाटरस्त्यापर्यंत आणलं, त्यांचा स्वतःचा टायमिंग गेला तो गेलाच. नावं विचारायची राहूनच गेली यार.

आणि रस्त्यावरच्या त्या ताकवाल्या मावशी, "दादा आधी बसा, पैशाचं बघू नंतर" म्हणाल्या. मावशी, दोन ग्लासांचे पैसे बाकी आहेत, घोटा बरा झाला की पळतच येतो द्यायला.