आपली 1210 बस भंगारात जाऊ नये म्हणून

इंदूरच्या राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, केसरबाग रोड आणि आसपासच्या सर्व मराठी मंडळींना मंडळाचा सप्रेम नमस्कार.

बॉनेटवर बसायला मिळावं म्हणून शाळेच्या बसच्या स्टॉपवर दहा मिनिटं आधी पळणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. ज्यांना बॉनेट म्हणजे काय ते कळलं नाही, त्यांनी घरातल्या चाळिशीपुढच्या माणसाला विचारावं.

मुद्दा असा. आपल्या भागातून वर्षानुवर्षं शाळेची फेरी मारणारी ती जुनी टाटा 1210 अजून आहे. बायपासच्या पलीकडे एका रिकाम्या प्लॉटवर, कडुलिंबाखाली, चार विटांच्या थरांवर उभी आहे. मालक म्हणजे तिचे ड्रायव्हर, आपले उस्तादच. शाळेने गाडी काढून टाकली तेव्हा त्यांनीच ती विकत घेतली, काही वर्षं लग्नाच्या वऱ्हाडाला चालवली, मग उभी केली. आता प्लॉट विकला गेलाय. भंगारवाल्याने बयाणा देऊ केला होता, तो उस्तादांनी अजून घेतलेला नाही. म्हणाले, "भिया, पहले तुम लोग बोल दो. बच्चे तो तुम्हारे ही बैठे थे इसमें." त्यांनी आपल्याला अनंत चतुर्दशीपर्यंत मुदत दिली आहे.

मागच्या रविवारी आम्ही पाच जण बघायला गेलो. स्प्रिंगचे पाटे बसलेत, पुढची काच तडकलीय, सीटच्या फाटक्या रेक्झिनमधून काथ्या बाहेर आलाय. पण दाराची कडी तीच. वर ओढून मग बाहेर ढकलायची, हात आपोआप तसाच गेला. आतल्या लाकडी फळ्यांच्या फटीतून खाली गाजरगवत दिसत होतं. तिथून पूर्वी रस्ता पळताना दिसायचा, आणि आमच्यातल्या एकाचं चार आण्यांचं नाणं तिथूनच गेलं होतं. त्याला अजून आठवतंय, महू नाक्यावर गेलं.

दाराजवळ रंगाचा एक पोपडा निघालाय. वर पिवळा, त्याखाली निळा आणि क्रीम, त्याच्याही खाली मळकट लाल. हा पोपडा आम्ही बराच वेळ बघत राहिलो. त्यात या गाडीची सगळी नोकरी दिसते. पिवळा थर सगळ्यात शेवटचा, कारण आमच्या लहानपणी शाळेची बस पिवळी असायलाच हवी असं काही नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये शाळेच्या बसबद्दल निर्देश दिले: पुढे-मागे 'स्कूल बस' लिहा, खिडक्यांना आडवे गज लावा, ड्रायव्हरला जड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. पुढे नियमांत पिवळा रंगही आला. उस्तादांना अनुभवाची अट कळली तेव्हा ते हसले होते म्हणे. त्यांची पाच वर्षं तर नुसत्या मुंबई-आग्रा रोडवर ट्रक हाकण्यात गेली होती.

गाडीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण "जुनी बस जपून काय करायचंय" असं विचारणारे मंडळातही आहेत. 1210 हा आकडा उगाच नाही. पहिले दोन अंक म्हणजे माल-माणसांसकट गाडीचं वजन बारा टन, पुढचे दोन दहाने गुणायचे, म्हणजे साधारण शंभर अश्वशक्ती. इंजिन सहा सिलिंडरचं. टाटांनी ट्रक बनवायला सुरुवात केली ती 1954 साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून. तो करार 1969 ला संपला, पण त्या घराण्याचा आवाज या इंजिनात पुढेही राहिला. हे इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, गाडीच्या आतच असायचं. त्यावरचं झाकण म्हणजे आपलं बॉनेट. वर गोधडीसारखी गादी. डिसेंबरात तिथे बसण्यासाठी मारामाऱ्या, एप्रिलमध्ये मात्र तिकडे कुणी फिरकायचं नाही.

आणि बॉडी इथली. तेव्हा कारखान्यातून यायची ती नुसती चासी: ना केबिन, ना काच, डोक्याला गमछा गुंडाळून ड्रायव्हर उघड्यावर बसलेला. बॉडी गावोगावचे कारागीर बांधायचे. आपल्या गाडीची इंदुरातच बांधली. अँगल, पत्रा, रिवेट आणि लाकूड. म्हणून एकसारख्या दोन बस दिसायच्या नाहीत. एकीची खिडकी वर सरकायची, दुसरीची आडवी. पुढे बस-बॉडीचे देशभर एकच नियम आले, बस कारखान्यातूनच तयार होऊन यायला लागली आणि ही कारागिरी हळूहळू थांबली. गंमत म्हणजे आपल्या गाडीला बाद करणाऱ्या गाड्या लांबून आल्या नाहीत. 1986 ला ही चासी इंदुरात आली, त्याच वर्षी टाटांनी 407 ही हलकी गाडी काढली आणि त्याच वर्षी पीथमपूरला आयशरने मित्सुबिशीच्या मदतीने हलक्या गाड्या बनवायला घेतल्या. मागोमाग टेम्पो ट्रॅव्हलर, तीही पीथमपूरचीच. अर्ध्या तासावर! गल्लीत वळणाऱ्या, कमी डिझेल पिणाऱ्या. शाळांनी त्या घेतल्या यात चूक काही नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ही बस पुन्हा रस्त्यावर आणायची नाही. एका उत्साही सभासदाने अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणुकीतल्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या) मागे ही बस काढू असं सुचवलं होतं. कार्यकारिणीने एका मिनिटात नाही म्हटलं. 5 जानेवारी 2018 ला आपल्याच बायपासवर शाळेच्या बसचा अपघात झाला, चार मुलं आणि ड्रायव्हर गेले. त्यानंतर राज्य सरकारने पंधरा वर्षांपुढच्या स्कूल बस रस्त्यावरून काढायचं ठरवलं. ज्या शहराने ते पाहिलंय तिथे जुन्या ब्रेकच्या गाडीबद्दल हळवं होऊन चालत नाही. आम्हीही खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून घरी आलोय, पडलो नाही ते नशीब. ते दिवस चांगले होते, गाडी सुरक्षित होती असं मात्र कुणी म्हणू नये.

व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का, तेही पाहिलं. 2021 चे नियम पन्नास वर्षांपुढच्या आणि धंद्यासाठी न वापरलेल्या दुचाकी-चारचाकींना लागू आहेत. आपली बाई वयातही बसत नाही आणि कामातही. म्हणून आरटीओकडून नोंदणी रीतसर रद्द करून घ्यायची आणि गाडी मंडळाच्या मागच्या अंगणात कायमची उभी करायची. रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय उस्तादांना पूर्ण रक्कम द्यायची नाही, हे त्यांनाही मान्य आहे.

उभी करून काय? आत मुलांचं वाचनालय. मंडळाच्या कपाटात मराठी पुस्तकं धूळ खात पडली आहेत, कारण वरच्या मजल्यावर मुलं चढत नाहीत. बसमध्ये चढतील. स्टिअरिंग फिरवायला मिळणार असेल तर नक्की चढतील. डिझेल टाकी आणि बॅटरी काढून टाकू. इंजिन राहील, बॉनेटही राहील, त्यावर गादी नवी. बाहेरून रंग द्यायचा, पण दाराजवळचा तो पोपडा हातभर जागा सोडून तसाच ठेवायचा. पेंटरला हे पटवणं हे मोठं काम असणार आहे.

खर्च असा. गाडीचे उस्तादांना 1,50,000 रुपये, भंगारवाला देणार होता तेवढेच. त्यांनी कमी घ्यायची तयारी दाखवली, आम्ही ऐकलं नाही. क्रेन आणि ट्रेलरला 35,000. पत्रा, डेंटिंग, रंग, फळ्या, सीट मिळून 1,40,000. खाली काँक्रीट आणि वर शेड, त्याला 95,000. एकूण 4,20,000 रुपये. सभासदांकडून 1,10,000 जमा झाले आहेत. उरलेले 3,10,000 तुमच्याकडून हवेत. शंभर रुपयेही चालतील, पावती प्रत्येकाला मिळेल. मंडळाला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मुदतीत गाडीपुरतेही पैसे जमले नाहीत तर ज्याचे त्याला परत करू.

पैसे नसतील तर हात द्या. वेल्डर, सुतार, सीट शिवणारे कुणी ओळखीचे असतील तर कळवा. जुन्या बॉडीच्या खिडकीचे खटके बाजारात मिळत नाहीत, कुणाच्या माळ्यावर असतील तर हवेत. रबरी फुग्याचा भोंगाही. गॅदरिंगच्या, सहलीच्या फोटोंमध्ये मागे बस दिसत असेल तर तो फोटो आणा, आम्ही मोबाइलवर कॉपी करून लगेच परत देऊ. निळ्या रंगाची गाडी कुणाच्याच फोटोत सापडत नाहीये.

आणि आठवणी. केसरबागचं फाटक बंद असलं की उस्ताद इंजिन बंद करत नसत, सेल्फ स्टार्टरवर भरवसा नव्हता. महूची मीटर गेजची गाडी निघून जाईपर्यंत अख्खी बस थरथरत उभी, आणि खिडकीच्या काचा एका तालात वाजायच्या. अशा गोष्टी वहीत लिहून द्या किंवा येऊन बोला, रेकॉर्ड करून ठेवू. उस्ताद स्वतः दर शुक्रवारी येतात. पोरांची नावं त्यांना आठवत नाहीत, स्टॉप मात्र सगळे आठवतात. तुम्ही कुठून चढायचात तेवढं सांगा, पुढचं ते सांगतील.

मंडळाचं कार्यालय रोज संध्याकाळी 6 ते 8 उघडं असतं. वर्गणी तिथेच द्यावी, ऑनलाइनसाठीचा क्यूआरही तिथेच टेबलावर आहे. दुसरीकडून कुणी आमच्या नावाने मागितली तर देऊ नये.

गाडी आधी बघायची असेल तर येत्या दोन्ही रविवारी सकाळी 8 वाजता कार्यालयापासून निघू, पोहे तिथेच. पायात बूट घालून या, प्लॉटवर गाजरगवत कमरेपर्यंत आलंय.

आपला,
मंडळाचा सचिव
(स्टॉप: अन्नपूर्णा मंदिर, बॉनेटवर उजवीकडे)