आबांची पलटण शोधून देणाऱ्या सुभेदारसाहेबांना

सुभेदारसाहेब, रामराम.

बेळगावहून मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. सोबत माझ्या आजोबांच्या, आबांच्या, शीट रोलची म्हणजे लष्करातल्या नोकरीच्या नोंदपत्राची नक्कल आहे. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात आणि विषय पावसाकडे नेलात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. माण-खटावात आबांसारखी पत्र्याची पेटी अजून बऱ्याच माळ्यांवर पडून असणार, आणि ती उघडून वाचायची कशी हे तुमच्याकडून चार घरांनी शिकावं असं मला वाटतं.

आमच्या पेटीत कागद नव्हताच. डिस्चार्ज बुक वाळवीनं खाल्लेलं. उरली होती तीन पदकं आणि घरातल्या ऐकीव गोष्टी. आजी त्यातल्या तांबड्या-पांढऱ्या-हिरव्या फितीच्या पदकाला स्वातंत्र्याचा बिल्ला म्हणायची. आबा विमानातून उडी मारायचे असंही ती सांगायची, तेव्हा आत्या हसायच्या. धोतर नेसून मोट हाकणारा माणूस विमानातून कशाला उडी मारेल!

तुम्ही ती पदकं ओटीवर ओळीनं मांडलीत. वाळूच्या रंगाची फीत म्हणजे आफ्रिका. आजीचा बिल्ला म्हणजे इटली. तिसरं, गोल, त्यावर 'जम्मू अँड काश्मीर'ची पट्टी. आफ्रिका, इटली आणि लगेच काश्मीर म्हटल्यावर तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "ही बहुतेक आमचीच पलटण." मग पदकाच्या कडेवर कोरलेलं नाव आणि नंबर दिसावा म्हणून ते उभं धरलंत. मी नाव वाचायला लागलो तर तुम्ही थांबवलंत, "नाव नको, नंबर सांग. ह्या नावाची माणसं प्रत्येक कंपनीत निघतील."

तुमच्या पलटणीचा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचा, तो सगळा प्रवास तुम्ही त्या दुपारी सांगितलात. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातलं केरन, इटालियन सैन्य डोंगरमाथ्यावर आणि आपली माणसं उघड्या उतारावर. पाणी आणि दारूगोळाही माणसांनीच खांद्यावरून वर चढवलेला. १९४४ साली इटलीत टायबर नदीचं खोरं. महायुद्ध संपल्यावर हीच पलटण छत्रीधारी, म्हणजे विमानातून उडी मारणारी, झाली. म्हणजे आजी खरं सांगत होती. डिसेंबर १९४७ मध्ये काश्मीरच्या लढाईत जम्मू भागातलं झांगड हातचं गेलं, तेव्हा ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही असं ब्रिगेडियर उस्मान म्हणाले होते. त्यांच्याच ५० पॅराशूट ब्रिगेडमध्ये आपली पलटण होती. मार्च १९४८ मध्ये झांगड परत आलं, जुलैत उस्मान तिथेच पडले. पुढे हीच पलटण पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, २ पॅरा, झाली आणि ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेश युद्धात टांगाईलवर छत्रीनं उतरली. त्या उडीत तुम्ही होतात, हे मात्र मला तुमच्या सूनबाईंकडून कळलं.

नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ ला त्यांनी एकट्यानं मशिनगनवर चाल केली, तिथेच पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. हे ऐकून मी लगेच हुरळलो. तुम्ही म्हणालात, "आबा त्यांच्या शेजारी लढले असं कुठं लिहू नकोस. पलटणीत आठशे माणूस असतो." नाही लिहिलं. शीट रोलमध्येही तसं काही नाही.

तुमचं आणखी एक बोलणं डोक्यातून जात नाही. जो मेला त्याचं नाव दगडावर आहे. घाडग्यांचा देह सापडला नाही, तरी नाव इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर आहे. केरनला अग्नी दिलेल्या हिंदू-शीख जवानांची नावंही तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. लंडनला पलटणींच्या वॉर डायऱ्या, म्हणजे युद्धातल्या रोजच्या नोंदवह्या, जपून ठेवल्यात, पण त्यांत नावं बहुधा अधिकाऱ्यांची. जो धडधाकट घरी आला त्याला शोधायचं तर त्याचा नंबर पाहिजे. आबांची नोकरी पंधरा वर्षं भरली नाही, त्यामुळे पेन्शन नाही आणि पेन्शनचा कागदही नाही. आजीला महायुद्धातल्या सैनिकाची विधवा म्हणून सरकारी मानधन मिळायचं, तेव्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिची फाईल असणार, हे तुम्हालाच सुचलं. तिथला नंबर पदकावरच्या नंबराशी जुळला. पॅराशूट रेजिमेंट १९५२ साली उभी राहिली आणि आबा त्याआधीच घरी आलेले, म्हणून अर्ज बेळगावलाच कर, हेही तुमचंच. अर्जाचा मसुदासुद्धा तुम्हीच लिहून दिलात, आणि माझा दोन पानी मसुदा पाहून "हा निबंध कोण वाचणार?" असं विचारलंत.

नकलेत आबांची उंची आहे, छातीचं माप आहे, डाव्या भुवईवरचा व्रण आहे. एका जागी रजेवरून उशिरा आल्याची शिक्षा आहे. ती वाचून आत्या सगळ्यात जास्त खूश झाल्या.

दोन नोंदींची लघुरूपं मात्र लागत नाहीत. नक्कल घेऊन पुढच्या रविवारी येतो. सूनबाईंना सांगा, जेवायलाच थांबणार आहे.

तुमचा आभारी,
आबांचा नातू