तहानलेल्या सॉसबद्दल, काकूंना

काकू,

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "पुरे रे" म्हणून दार लावून घेतलं असतंत. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय.

बाबांची केमो सुरू झाल्यापासून गॅसवर काही चढलं की ते उठून आतल्या खोलीत जायचे. वास सोसायचा नाही. गरम अन्नाचा वास जास्त उठतो, गार पदार्थ त्या मानाने बरे जातात, असं नर्सने सांगितलं होतं. मग एका दुपारी बाबा आपणहून म्हणाले, "ते दाण्याच्या सॉसमधल्या गार नूडल्स कर ना, चिकन घालून." महिनाभरात त्यांनी तोंडाने मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

पहिल्या वेळी नूडल्सचा एकच ढेपसा झाला आणि चिकनचा चिवट दोरखंड. मदत मागितली नाही असं नाही. एका नातेवाइकांनी फोनवर "त्यात काय एवढं!" म्हणून विषय संपवला. पैसे भरून केलेल्या ऑनलाइन क्लासच्या बाई "तुमचं प्रमाण चुकलं असेल" यापलीकडे गेल्या नाहीत. एक गृहस्थ तर घरी आले, माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि सगळं स्वतःच केलं. छान केलं. पुढच्या वेळी मी होतो तिथेच.

तुम्ही आलात तेव्हा मी वाडगं सिंकमध्ये उपडं करायच्या बेतात होतो. पीनट बटरमध्ये सोया सॉस आणि व्हिनेगर पडल्याबरोबर त्याचा घट्ट तपकिरी गोळा होऊन चमच्याला लटकला होता. तुम्ही आत डोकावून म्हणालात, "फेकू नकोस. बिघडलेलं नाहीये ते, तहानलंय."

मग चमचाभर गरम पाणी. गोळा आणखीच आवळला. मी तुमच्याकडे पाहिलं. "अजून एक." दुसऱ्या चमच्यालाही फरक नाही. तिसऱ्याला कडेने जरासा सुटला, चौथ्याला रंग फिकट झाला आणि सॉस चमच्यावरून सायीसारखा ओघळायला लागला. दाण्याच्या लगद्यात तेलच तेल असतं, थोडंसं पाणी मिळालं की त्यातले कोरडे कण ते पिऊन एकमेकांना धरून बसतात, पोटभर मिळालं की सोडतात. तिळाच्या पेस्टचंही असंच. हे तुम्ही नंतर सांगितलंत, ओट्याला टेकून.

पण काकू, मला आठवतंय ते वेगळंच. एवढा वेळ चमचा माझ्याच हातात होता. तुम्ही फक्त वाडग्याची कड दोन बोटांनी धरून ठेवली होतीत, ते ओट्यावर सरकू नये म्हणून. बास, एवढंच. मी घोटत होतो आणि ती दोन बोटं तिथे होती. गेले कित्येक आठवडे घरात सगळं सरकत होतं हो. त्या रात्री मी त्या दोन बोटांवरून रडलो, हे आता सांगून टाकतो.

बाकीचं भराभर झालं. शिजलेल्या नूडल्स गार पाण्याखाली चोळून वरचा स्टार्च काढायचा. चिकन मंद आचेवर शिजवायचं, आतून 74 अंश सेल्सिअस भरल्याशिवाय उतरवायचं नाही आणि बाहेर ताटकळत ठेवायचं नाही, बाबांची प्रतिकारशक्ती कमी म्हणून. ते लाटण्याने ठोकून मोकळं करताना तुम्ही चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या बँगबँग चिकनची गोष्ट सांगितलीत, की तिथे मांस काठीने ठोकतात आणि 'बँग' म्हणजे ती काठीच. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "कोण कोणाला मारतंय?" ते बाहेर आले ते हे विचारायलाच.

दुसऱ्याला येत नसलेलं काम त्याच्याच हातून होऊ देणारी माणसं कुठे घडतात कोण जाणे. हुशार माणसं मला पुष्कळ भेटलीत. ही जात वेगळी.

गेल्या गुरुवारी एकट्याने केलं. सॉस आवळला, मी घाबरलो नाही, किटली हातात होती. बाबांनी दोन घास खाल्ले, तिसऱ्याला थांबले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "मीठ कमी आहे. गार पदार्थाला जरा जास्त लागतं, काकू सांगत नव्हत्या का?"

मग मीठ घालून बाउल संपवला.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा