इंजिनवाल्या काकांना, ग्वाल्हेरहून

ती. काका,
सा. न.

नाव छापायचं नाही असं तुम्ही फोनवर बजावलंत, म्हणून नुसतं काका. ज्यांना ओळखायचं ते हातांवरून ओळखतीलच. वाफेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीच्या तुमच्या व्हिडिओत चेहरा कधी दिसत नाही. दिसतात ते दोन हात, डाव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख, आणि मागून मधूनच येते कुकरची शिट्टी.

माझ्या बाबांची उभी हयात इथल्या नॅरोगेजच्या शेडमध्ये गेली. दोन रुळांत जेमतेम दोन फुटांचं अंतर, ग्वाल्हेर ते श्योपुरकलां सुमारे २०० किलोमीटर. घोसीपुरा, मोतीझील, सुमावली, जौरा, कैलारस करत गाडी दिवसभर रमतगमत जायची, टपावर माणसंच माणसं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये थांबली ती थांबलीच. बाबा त्याच्या आधीच गेले, एका अर्थी बरंच झालं. त्यांच्या लोखंडी पेटीत चादरीत गुंडाळलेलं एक इंजिन निघालं. दीड वीत लांब, तांब्याचा बॉयलर, गॅसवर खरी वाफ करणारं. झाकणाच्या आत खडूने हिशेब लिहिलेला: ३२ गुणिले १९ = ६०८. छोट्या रुळांमधलं अंतर बत्तीस मिलिमीटर आणि प्रमाण १:१९. म्हणजे ६०८ मिलिमीटर, आमची दोन फुटी लाइनच. हे कळायला मला दोन दिवस लागले, आणि कळल्यावर ते इंजिन भंगारात द्यायचा विषय संपला.

छोट्या गाड्यांचं वेड या गावाला नवं नाही. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर ब्रँडी नि सिगार फिरवणारी चांदीची आगगाडी आहे, बाटली उचलली की थांबणारी. लोक तिकीट काढून बघायला येतात. तिचं तेलपाणी कोण करत असेल हे मात्र कुणी विचारत नाही. मलाही तुमचे व्हिडिओ बघेपर्यंत सुचलं नव्हतं.

सुरुवातीला मी काय केलं ते तुम्हाला सांगायची हिंमत झाली नव्हती, आज सांगते. सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या ल्युब्रिकेटरमध्ये शिवणयंत्राचं तेल घातलं आणि बॉयलरमध्ये बोअरचं पाणी. इंजिन चार हात गेलं, करकरलं आणि बसलं. मग तुमचा तो काचेच्या बाटलीवाला व्हिडिओ पाहिला. ल्युब्रिकेटर म्हणजे नुसती एक डबी. आत ना पंप, ना झडप. वाफ डबीत शिरते, निवून तिचं पाणी होतं, पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि तेलाला वर उचलतं. वर आलेलं तेल थेंबाथेंबाने वाफेबरोबर सिलिंडरकडे जातं. म्हणून दर फेरीनंतर तळाचं पाणी काढायचं आणि डबी पुन्हा भरायची. आणि तेल हवं घट्ट स्टीम ऑइलच, पातळ तेल त्या उष्णतेत टिकत नाही. शिवणयंत्राचं तेल रॉडच्या पिनांना, तेही काडीच्या टोकाने एकेक थेंब. सतरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवते मी. घनतेचा इतका उपयोगी धडा माझ्या पुस्तकात नाही.

बोअरच्या पाण्याची शिक्षा नंतर मिळाली. सेफ्टी व्हॉल्व्ह फुरफुरायला लागला. इथल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं तर तो म्हणाला, स्प्रिंग आवळून देतो मॅडम, पाच मिनिटांचं काम. तुमची ३८ पानी पुस्तिका पिशवीत होतीच. त्या पानावर तुम्ही लाल पेनाने चौकट केली आहे: ‘हा स्क्रू तुमचा नाही.’ बस्स, एवढंच. मी इंजिन उचललं आणि रिक्षा केली. घरी व्हॉल्व्ह काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवला, झडप टेकते त्या बसकीवरचा क्षार सुटला, गळती थांबली. आता तो ४० पौंडांच्या दाबाला उघडतो, बॉयलरबरोबरच्या कागदावर लिहिलंय तसाच. पाणी फक्त डिस्टिल्ड. बॅटरीचं नको हे तुम्ही तीनदा लिहिलंय, तीनदा वाचलं.

पण खरे आभार मानायचेत ते जेटच्या, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीच्या, व्हिडिओचे. बर्नर ओरडतो, ज्योत पिवळी येते, तर जेट साफ करा. हे कुणीही सांगेल. त्याच्या भोकात तार घालायची नाही, भोक केसाएवढं आहे, मोठं झालं की जेट गेलाच. थिनरमध्ये भिजवून उलट्या बाजूने हवा मारायची. हेही कुणी सांगेल. तुमच्या हातून मात्र तो जेट पडला. आणि तुम्ही कॅमेरा चालूच ठेवलात! सहा मिनिटं फरशीवर नुसती शोधाशोध. आधी लोहचुंबक फिरवलंत, मग स्वतःच म्हणालात, ‘पितळ आहे रे बाबा, चुंबकाला काय करायचंय.’ मग बॅटरी फरशीला टेकवून आडवा उजेड टाकलात, तेव्हा कोपऱ्यात मोहरीएवढ्या जेटची बोटभर लांब सावली दिसली. दुसऱ्या कुणी ती सहा मिनिटं कापून टाकली असती. मी ती सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहेत. शेवटी तुम्ही म्हणता, पुढच्या वेळी खाली पांढरा पंचा अंथरा.

मी आईचा पंचा अंथरला. माझाही जेट पडला, काका. पंच्यावर पडला.

थंडीत एकदा अडले होते. इथे जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो. गॅस भरलेला असूनही ज्योत मलूल होऊन विझायची. ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, त्यात उडता उडता टाकीलाच गार करतो, मग दाब राहील कुठून. टाकीभोवती कोमट पाणी ठेवा, हे फोनवर सांगताना तुम्ही मागे काकूंना ‘आपला चहा गार होतोय’ म्हणालात, ते ऐकू आलं मला. माफ करा.

संक्रांतीला गच्चीवर रूळ मांडले. आई शाल घेऊन पाण्याच्या टाकीजवळ बसली. इंजिन बावीस मिनिटं चाललं. वाफेत तापलेल्या तेलाचा वास आला तशी ती म्हणाली, ‘हे शेडमधून आले की असाच वास यायचा.’ पुढे काही बोलली नाही. एकविसाव्या मिनिटाला तिने विचारलं, याला शिट्टी नाही का?

नाही. तर शिट्टी बसवायचा व्हिडिओ केव्हा करताय? पिस्टनच्या दांड्याभोवती वाफ अडवणाऱ्या ग्लँडमधून अजून थेंब येतो. नट तुम्ही सांगितलात तसा पाव फेऱ्याहून कमीच आवळलाय, पुढे हात लावलेला नाही.

कुरियरने मुरैन्याची गजक पाठवते आहे. डब्याला ऑइलचा वास आला तर समजून घ्या, दोन्ही एकाच कपाटात होतं.

तुमची,
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली बाई