कोल्ड फिंगरवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

कच्च्या तेलाच्या पाइपलाइनीत मेण किती साचेल हे सांगणारं मॉडेल अखेर जुळलं, आणि ते जुळलं प्रयोगशाळेतल्या तुमच्या बाकावर, कोल्ड फिंगरच्या चाचण्यांमुळे: तेलात थंड धातूचं ‘बोट’ बुडवायचं आणि त्यावर किती मेण चढतं ते मोजायचं. म्हणून हे जाहीर आभार. नाव नको म्हणालात, तर नाव नाही.

मुंबई हायचं तेल मेणाळ. सुमारे 30 अंश सेल्सियसलाच ते थिजायला लागतं. असा नमुना फडताळातून काढून थेट चाचणीला लावला की आकडा चुकलाच, कारण जुने स्फटिक आत तसेच असतात. बंद बाटलीत 70-80 अंशांना तास-दोन तास तापवायचं, मधूनमधून हलवायचं, मगच ठरावीक वेगाने थंड करायचं. झाकण सैल राहिलं तर हलका भाग उडून जातो आणि मेणाचे स्फटिक धरू लागण्याचं तापमान उगाच वर सरकतं. घाईने थंड केलं तर उलट, ते खाली दिसतं. हे तुम्ही एकदाही चुकू दिलं नाहीत.

खरा उपकार मात्र पुढचा. बोटावरचा थर खरवडून, वजन करून तुम्ही थांबला नाहीत. त्यात अडकलेलं तेलही वेगळं मोजलंत. मॉडेल भिंतीकडे सरकणारं मेण मोजतं: विसरणाचा गुणांक (मेणाचे रेणू तेलातून किती वेगाने सरकतात), तापमानागणिक बदलणारी विद्राव्यता (तेलात किती मेण विरघळतं), भिंतीलगतचा तापमान-उतार. समजा 100 ग्रॅम थरात मेण 40 ग्रॅमच आहे. थर म्हणजे निव्वळ मेण असं धरलं, तर जाडी जवळजवळ अडीचपट कमी येते. मग पिग, म्हणजे पाइपातून ढकलत नेऊन मेण खरवडणारा साफसफाईचा ठोकळा, उशिरा सुटतो, पुढे मेणाचा ढीग लोटत नेतो आणि अडकतो. शिवाय हे प्रमाण स्थिर नसतं: जड रेणू थरात शिरत राहतात, तेल बाहेर पडतं, थर कडक होतो. म्हणून दर काही तासांनी काढलेले तुमचे वेगवेगळे थरच आम्हाला कामाला आले.

बोट आणि तेल एकाच तापमानाला ठेवून घेतलेली ती ‘निरुपयोगी’ चाचणीही मोलाची. तेलात स्फटिक भरपूर, बोटावर थर नाही! भिंत तेलाहून थंड हवीच, हे नव्या मुलांना आम्ही आता तीच दाखवून पटवतो.

आता अस्फाल्टीनची, म्हणजे तेलातल्या जड, डांबरासारख्या घटकाची, पाळी. ते थंडीने नाही, मुख्यतः दाब उतरल्याने तेलातून सुटतं, तेव्हा उघड्या बाटलीचा उपयोग नाही. नमुना जमिनीखालच्या तेलसाठ्याच्याच दाबाला, सीलबंद सिलिंडरमध्ये आणून देऊ. हेप्टेन हा द्राव मिसळून अस्फाल्टीन सुटतं का ते पाहण्याच्या चाचणीत पहिल्या तासाचा निकाल अंतिम धरणार नाही. कण दिसायला कधी कधी दिवस लागतात. बाकावर तेवढी जागा ठेवा.

आपले,
मॉडेल चालवणारे