टर्बोचार्जरमधील फेरबदल : अश्वशक्तीबरोबर तापमानही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत मोटारींच्या टर्बोचार्जरमध्ये करून घेतल्या जाणाऱ्या फेरबदलांविषयीचा मजकूर वाचला. विषय महत्त्वाचा आहे आणि तो घेतल्याबद्दल आपले आभार. मात्र त्यात फेरबदलाआधीची आणि नंतरची अश्वशक्ती एवढेच आकडे होते. इंजिनाचे पुढे काय होणार हे ज्यांवरून कळते, ते आकडे कुठेच नव्हते. इंजिने खोलून दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि माझे ठाम मत आहे की टर्बोच्या कामाचा हिशेब आधी तापमानावर मांडला पाहिजे.

एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर टर्बाइन फिरते, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे पाठवतो, आणि जास्त हवेबरोबर जास्त इंधन जाळता येत असल्यामुळे तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक ताकद मिळते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलेली ही कल्पना आजही मुळात तशीच आहे. बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा जास्तीचा हा दाब, वाढवण्याचे आमिष मोठे असते, कारण वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) उशिरा उघडेल अशी व्यवस्था केली की काम झाले, असे वरवर वाटते. समजा मूळ बूस्ट ०.८ बार आहे आणि तो १.२ बारवर नेला. ऐकणाऱ्याला ही वाढ दीडपट वाटते. प्रत्यक्षात वातावरणाचा एक बार दोन्हीकडे मिळवावा लागतो, म्हणजे दाब १.८ वरून २.२ वर जातो आणि वाढ भरते जेमतेम २२ टक्के. त्यातूनही उष्णतेची वजावट करायची राहतेच.

हवा दाबली की तापते. ३० अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १२५ अंशांवर पोहोचते. लहान टर्बोला त्याच्या सोयीच्या टप्प्यापलीकडे पळवले आणि कार्यक्षमता ६० टक्क्यांवर आली, तर त्याच दाबाची हवा १४० अंशांच्या आसपास जाते. बूस्ट दाखवणाऱ्या गेजचा काटा तिथेच असतो, पण गरम हवा विरळ असल्यामुळे सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो. मूळ इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, ही जादा उष्णता काही काळ सोसतो. लागोपाठ चार-पाच वेळा पूर्ण जोर लावल्यावर तोही तापतो. टेस्ट बेंचवरची पहिली चाचणी म्हणूनच नेहमी छान येते.

पेट्रोल इंजिनात या गरम हवेचा परिणाम नॉकिंगच्या रूपाने दिसतो. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत सिलिंडरच्या कडेपर्यंत पोहोचण्याआधीच तिथले उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि दाबाचा तडाखा पिस्टनला बसतो. अशा इंजिनाचा प्लग काढून भिंगाखाली धरला, तर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे बारीक ठिपके दिसतात आणि त्यांत काही चकाकणारे कण असतात. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. पिस्टन बाहेर काढला की पुष्कळदा दोन रिंगांमधली कड तुटलेली सापडते. तोवर चालकाला फारसे काही जाणवलेले नसते, कारण नॉकिंगची चाहूल लागताच ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, प्रज्वलन उशिरा करून इंजिन सांभाळतो. पण उशिरा जळणाऱ्या मिश्रणाची उष्णता एक्झॉस्टमध्ये उतरते. पेट्रोल गाड्यांच्या टर्बाइनपाशी ९५० ते १०५० अंश ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते, आणि इंजिन वाचवण्याच्या या धडपडीत ती सहज ओलांडली जाते. ही उष्णता आवरण्यासाठी १४.७ भाग हवेला एक भाग इंधन हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण सोडून, जादा इंधन देत १२ ला एकच्या आसपास यावे लागते. पूर्ण जोर लावला की पेट्रोल इतके का जाते, याचे एक कारण हेच.

ही अडचण नवी नाही. टर्बो बसवलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी एक म्हणजे १९६२ ची ओल्ड्समोबाइल जेटफायर. तिचे कॉम्प्रेशन १०.२५ ला १ इतके चढे होते, म्हणून नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडले जाई. ती टाकी भरायचे पुष्कळ मालकांच्या लक्षात राहत नसे, आणि ही गाडी दोन वर्षांतच बंद झाली. कारखान्याने स्वतः आखलेल्या व्यवस्थेची ही गत झाली, तर बाहेरून बूस्ट चढवताना किती जपावे लागेल, याची कल्पना यावी.

मोठा टर्बो बसवणे हा दुसरा मार्ग. त्याने इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांवर हवा थंड आणि भरपूर मिळते, हे खरे. पण चाक जड असल्यामुळे ते वेग घ्यायला उशीर लावते आणि मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास, जिथे गाडी दिवसभर चालते, तिथे टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) मूळ गाडीपेक्षाही कमी भरू शकतो. शिखरावरचा आकडा छापला आणि खालची घसरण गाळली, तर वाचकाची दिशाभूल होते. डिझेलच्या बाबतीत मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती कॉमन रेलच्या (सर्व सिलिंडरांना चढ्या दाबाने डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीच्या) सेन्सरवर जोडल्या जाणाऱ्या स्वस्त ट्यूनिंग बॉक्सची. हा डबा ईसीयूला रेलमधला दाब खऱ्यापेक्षा कमी सांगतो, मग ईसीयू तो दाब वाढवतो आणि जास्त डिझेल आत जाते. जो संगणक इंजिनाचे रक्षण करायला बसवला आहे, त्यालाच खोटी माहिती पुरवून मिळवलेली ही ताकद आहे. इंजिनावर किती भार आहे हे त्याला कळतच नाही. काजळी वाढते, एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर तुंबतो आणि क्लच घसरू लागतो.

फेरबदलाला माझा विरोध नाही. मोठा इंटरकूलर, पुरेसा इंधनपुरवठा, योग्य जातीचे प्लग आणि त्या गाडीवर मोजमाप करून केलेले रिमॅपिंग (ईसीयूतल्या आकड्यांची फेरजुळणी) असेल, तर इंजिन वर्षानुवर्षे टिकलेले मी पाहिले आहे. असे काम करणारे कारागीर ग्राहकाला नोंदींचा कागद आपणहून देतात. म्हणून विनंती अशी की, यापुढे अशा गाडीविषयी लिहिताना लागोपाठच्या पाचव्या चाचणीतले इंटरकूलरनंतरचे हवेचे तापमान, एक्झॉस्टचे तापमान, नॉकिंगमुळे प्रज्वलन क्रँकशाफ्टच्या फिरण्याच्या हिशेबाने किती अंश मागे गेले तो आकडा आणि खालच्या फेऱ्यांपासूनचा टॉर्कचा आलेख अवश्य मागून घ्यावा आणि छापावा.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठीही पुरवणीत चार ओळी याव्यात. विक्रीआधी ईसीयूमध्ये मूळ फाइल परत भरता येते, झीज मात्र तशीच राहते. इंजिन थंड असताना एअर फिल्टरकडची नळी काढून कॉम्प्रेसरचे चाक बोटांनी हलवून पाहावे : शाफ्ट ऑइलच्या थरावर फिरत असल्यामुळे आडवी किंचित ढिलाई चालते, पण आत-बाहेर हालचाल जाणवता कामा नये आणि पाती घराला घासलेली नसावीत. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पुसट थर असतोच. तळाशी ऑइल साचलेले दिसले, तर प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टन पाहिल्याशिवाय आणि सिलिंडरची गळती तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.

आपला विश्वासू,
इंजिन दुरुस्ती करणारा एक वाचक