'साभार पोच' आणि एक व्हॅम्पायर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या 'साभार पोच'मध्ये मुलांच्या पुस्तकांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. नाव, पानं, किंमत आणि शेवटी 'बालमनावर सुसंस्कार करणारे'. पुस्तक कुठे रंगलं, कुठे घसरलं याचा पत्ता नाही. म्हणून एका पुस्तकाबद्दल मीच लिहून पाठवते आहे. छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मी मिरजेची. ३१ वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होते, आता निवृत्त. माझी १४ वर्षांची नात सिडनीजवळ पॅरामॅटाला असते. नाताळच्या सुट्टीत आली होती, जाताना एक पुस्तक माझ्या उशाशी ठेवून गेली. "आजी, हे तुझ्या खात्यातलं आहे," म्हणाली. कॅथरीन जिंक्स या ऑस्ट्रेलियन लेखिकेची २००९ सालची कादंबरी, 'द रिफॉर्म्ड व्हॅम्पायर सपोर्ट ग्रुप'. इंग्रजी वाचायचा मला कंटाळा. पण पहिली शंभर पानं दोन रात्रींत संपली, आणि दुसऱ्या रात्री मी इतकी हसले की आमचे हे उठून बघायला आले.

गोष्ट सिडनीतच घडते. नीना १५ वर्षांची असताना, १९७३ मध्ये, व्हॅम्पायर झाली. तीसेक वर्षं लोटली तरी ती १५ चीच आहे आणि आईच्या घरी राहते. काळा झगा नाही, वाडा नाही, रुबाब तर नाहीच. सतत मळमळ, अशक्तपणा, उजेडाचा त्रास, आणि सूर्य उगवला की निपचित. पोटापाण्यासाठी ती कादंबऱ्या लिहिते, त्यांतली व्हॅम्पायर नायिका मात्र पराक्रमी! दर मंगळवारी रात्री असे सगळे आजारी व्हॅम्पायर एकत्र जमतात, एक फादर त्यांना सांभाळून घेतात, आणि जो तो आपलं रडगाणं गातो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कोणाचं पोट साफ होत नाही यावर अर्धा तास जातो, अगदी तस्सं.

माणसाला चावायचं नाही हा मंडळाचा नेम. तहान गिनीपिगवर भागवायची. इथे माझ्यातली तंत्रज्ञ जागी झाली. किलोभराच्या गिनीपिगमध्ये रक्त असतं साधारण ७० ते ७५ मि.ली. आमची दात्याची बॅग ३५० मि.ली.ची. म्हणजे एका बॅगेला पाच गिनीपिग. मादी दोन महिन्यांहून जास्त गाभण राहते, एका वेताला तीन-चार पिल्लं. वीजबिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडला: दहा जणांना रोज एकेक धरला तरी महिन्याला ३००. पिंजरे किती, गवत किती, आणि शेजारी काय म्हणतील? लेखिकेने हे सगळं भांडी घासण्याइतकं रटाळ काम असल्यासारखं लिहिलं आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. (नीना आमच्या शिबिरात आली असती तर? जन्मतारखेने पन्नाशीची, तोंडावर १५. फॉर्म कसा भरायचा?)

पण मला धरून ठेवलं ते तिच्या आईने. आपल्याकडे मुंजा पिंपळावर बसतो, सोडमुंज व्हायच्या आत गेलेला, कायमचा पोरगेला. त्या मुंज्याची आई कोणी कधी दाखवली का? इथे ती आहे, त्याच घरात. लेक आहे तिथेच थांबलेली आणि ही म्हातारी होत चाललेली. दिवसाची सगळी कामं हिच्या गळ्यात. आपल्यामागे हिचं कोण करणार, ही काळजी मी रक्ताच्या बॅगा न्यायला येणाऱ्या, थॅलेसेमियाच्या (ज्यांना जन्मभर रक्त चढवावं लागतं अशा) मुलांच्या आयांच्या तोंडावर वर्षानुवर्षं पाहिली आहे.

आणि नेमकं हेच लेखिका हातचं सोडते. मंडळातला एक जण मारला जातो. शवपेटीत नुसती राख आणि चांदीची गोळी. सगळे घाबरून नीनाच्या आईच्या घरी मुक्काम ठोकतात. आता कुठे मजा येणार म्हणून मी चष्मा पुसून बसले: इतके चिडके आजारी एका छपराखाली, आणि कर्ती एकटी बाई. तर कथा गाडीत बसून निघाली ओसाड रानाकडे. तिथे एक बाप-लेक नरलांडग्याला (म्हणजे अधूनमधून लांडगा होणाऱ्या माणसाला) झुंजींसाठी डांबून ठेवतात, मग त्याची सुटका, बंदुका, पळापळ. खून कोणी केला हा प्रश्न बराच वेळ डिकीत पडून. सुरुवातीला जी माणसं जिना चढताना धापा टाकायची ती इथे इतकं सोसतात, पण पानं अशी पळतात की त्यांची धाप मला ऐकूच आली नाही.

नातीला फोनवर हे सांगितलं तर ती चिडली. नरलांडगा तिला फार आवडलाय, देखणा आणि तापट असल्यामुळे. "आजी, आजारी माणसं फक्त घरीच बसायची का?" असं तिने विचारलं. यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही. नीना रडगाणं सोडून घराबाहेर पडते हे मला मान्य आहे. पण आईला मागे ठेवून पडते, हे खटकतं ते खटकतंच.

सांगायचं ते हे, की आमचं हे भांडण त्या दोन ओळींत मावत नाही. आठवड्याला एकाच पुस्तकाला अर्धा रकाना द्या, आणि लिहायला एखादी चौदा वर्षांची मुलगीच बसवा. ती 'संग्राह्य' हा शब्द वापरणार नाही याची हमी मी देते.

पुढचा भाग पाठवते असं नातीने कळवलं आहे. त्यात म्हणे नरलांडग्यांचाच भरणा आहे. वाचीन. नीनाची आई कुठे दिसते का बघायला तरी.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, मिरज